सात तारखेचा पगार

गेल्या महिन्यात दोन दिवस नागापूरला जाऊन आलो. नागापूर म्हणजे आमचं नगरचं, विदर्भातलं नागपूर नव्हे. हे पुण्यात दर वेळी सांगावं लागतं. एकदा तर ऑफिसातल्या कुणीतरी माझ्या फॉर्मवर परस्पर ‘दुरुस्ती’ करून टाकली होती. नगरचंही आता २०२४ पासून कागदोपत्री अहिल्यानगर झालंय, पण बोलताना तोंडात नगरच येतं, त्याला इलाज नाही. मनमाड रस्त्याने सावेडी मागे टाकली, सीनेचा पूल ओलांडला की आलं नागापूर, आणि त्याला लागूनच एमआयडीसी. गाव कुठे संपतं आणि कारखाने कुठे सुरू होतात हे मला लहानपणीही सांगता आलं नसतं, आता तर नाहीच.

तिथे माझ्या मामांचं किराणा दुकान आहे. पस्तीस-एक वर्षं झाली असतील. मी गेलो की काउंटरमागे एका पोत्यावर बैठक मारतो आणि मामा गिऱ्हाईक करता करता बोलत राहतात. या वेळी गेलो ती तारीख होती महिन्याची आठ. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. मी म्हटलं, "मामा, धंदा जोरात आहे."

"आज आहे. वीस तारखेला ये, मंग माशा मारत बसलेलो दिसंन."

मग त्यांनी मला त्यांचं कॅलेंडर समजावून सांगितलं. १९३६ चा पगाराचा जो जुना कायदा होता, त्यात हजाराच्या आत कामगार असलेल्या कारखान्याने सात तारखेच्या आत पगार करायचा आणि त्याहून मोठ्या कारखान्याने दहाच्या आत, असं होतं. मामांना कायदा ठाऊक नाही, त्याचं साल तर अजिबात नाही. पण त्यांच्या दुकानात महिन्याला दोन लाटा येतात, एक सातच्या पुढे आणि एक दहाच्या पुढे, हे त्यांना गेली पस्तीस वर्षं पाठ आहे. पहिल्या लाटेत छोट्या वर्कशॉपवाले, दुसरीत मोठ्या कंपनीवाले. पहिल्या पंधरवड्यात तेलाचा पाच लिटरचा कॅन जातो, दुसऱ्या पंधरवड्यात अर्ध्या लिटरची पिशवी. शांपूची बाटली महिन्याच्या सुरुवातीला, एक रुपयाची पुडी शेवटी. घर तेच, माणसं तीच, डोकीही तेवढीच.

आता यात आफ्रिका कुठून आली ते सांगतो.

गेली दोन वर्षं मी ज्या प्रोजेक्टवर आहे त्याचा क्लायंट नैरोबीचा आहे. मोबाईलवरून पैसे देण्या-घेण्याची सिस्टीम. माझं काम रिपोर्टिंगचं, म्हणजे लोकांनी कधी, किती आणि कशावर खर्च केला याचे आलेख काढून द्यायचे. पहिल्यांदा तो आलेख पाहिला तेव्हा मला वाटलं आपल्या कोडमध्ये बग आहे. महिनाअखेरीला रेषा डोंगरासारखी वर, मधे सपाट, आणि शाळेची टर्म सुरू व्हायच्या आधी एकदम सुळका. दोन दिवस डिबग करत बसलो. शेवटी तिकडच्या सहकाऱ्याला विचारलं तर तो हसायलाच लागला. म्हणाला, बग नाही, पगार आहे. आणि मधल्या सपाटीला त्याने एक शब्द सांगितला, ‘कडोगो’. स्वाहिलीत कडोगो म्हणजे छोटं. लोक तेल कपाने घेतात, साखर पाव किलोने, साबणाची वडी कापून अर्धी. सगळ्या बाजाराला तिकडे कडोगो इकॉनॉमी म्हणतात. मला लगेच मामांचं दुकान आठवलं.

तेव्हापासून मी आफ्रिकेच्या अर्थकारणावर सापडेल ते वाचत सुटलो. (रविवार सकाळ, चहा, आणि बायकोचा ‘भाजी आणायचीय’ हा गजर, एवढ्या भांडवलावर.) मी अर्थतज्ज्ञ नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पण वाचता वाचता माझं एक मत बनलंय आणि ते नागापूरलाही लागू आहे.

आफ्रिकेची गोष्ट गेल्या पंचवीस वर्षांत दोनदा उलटी लिहिली गेली. ‘इकॉनॉमिस्ट’ साप्ताहिकाने २००० साली मुखपृष्ठावर आफ्रिकेला ‘आशा नसलेला खंड’ म्हटलं आणि त्याच साप्ताहिकाने २०११ मध्ये ‘आफ्रिका उठतेय’ असं मुखपृष्ठ केलं. मधल्या काळात मॅकिन्झीचा २०१० चा अहवाल आला होता. त्यात एक चांगला मुद्दा होता. २००० ते २००८ या काळातल्या वाढीत तेल आणि खनिजांचा वाटा साधारण एक तृतीयांशच आहे, बाकीची वाढ व्यापार, शेती, बांधकाम, वाहतूक, टेलिफोन अशा रोजच्या धंद्यांतून आली आहे, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे आफ्रिका फक्त खाणीवर जगते हे खोटं. पुढे त्यांनी आकडा दिला: आफ्रिकेतल्या घरांचा एकूण खर्च २००८ मध्ये ८६० अब्ज डॉलर, आणि २०२० पर्यंत १.४ लाख कोटी डॉलर होऊ शकतो. पुढच्याच वर्षी आफ्रिकन डेव्हलपमेंट बँकेने जाहीर केलं की खंडातली ३४ टक्के जनता, म्हणजे तीस कोटींच्या वर माणसं, मध्यमवर्गात आली.

हे ऐकून जगभरच्या कंपन्या साबण, बिस्किटं, दूध पावडर घेऊन धावल्या. आणि २०१५ मध्ये नेस्लेने विषुववृत्ताच्या पट्ट्यातल्या २१ देशांत १५ टक्के नोकरकपात केली. कारण काय दिलं, तर आम्हाला वाटला तेवढा मध्यमवर्ग इथे नाहीच.

तीस कोटी माणसं गेली कुठे?

कुठेच गेली नाहीत. बँकेचा अहवाल नीट वाचला तर उत्तर त्यातच आहे. दिवसाला २ ते २० डॉलर खर्च करणारा तो मध्यमवर्ग, अशी त्यांची व्याख्या होती, आणि त्यातले साठ टक्के लोक २ ते ४ डॉलरच्या फळीवर होते. बँकेने स्वतःच त्यांना ‘तरंगता वर्ग’ म्हटलं होतं. एक आजारपण, एक दुष्काळ, की परत खाली. पण हे आतल्या पानावर, आणि मथळ्यात तीस कोटी. सर्व्हरचा सरासरी लोड पाहून मशीन घेणाऱ्याला आपण काय म्हणतो ते इथे लिहीत नाही, पण तोच प्रकार.

माझं म्हणणं सरळ आहे. घरखर्च किती मिळतात त्याने जेवढा वाढतो, त्याहून जास्त भरवशाने वाढतो. पुढच्या महिन्यात पैसे नक्की येणार आहेत एवढं माहीत असलं, की माणूस पाच लिटरचा कॅन उचलतो, हप्त्यावर फ्रिज घेतो, मुलीला क्लास लावतो. ते माहीत नसलं तर तेवढेच पैसे हातात असूनही तो पुडीच घेतो. आणि घरखर्च ही काही किरकोळ गोष्ट नाही. आपल्या देशाच्या जीडीपीत त्याचा वाटा साठ टक्क्यांच्या आसपास आहे, केनियात तीन चतुर्थांशाच्या आसपास. वाढीचं इंजिन म्हणतात ते हेच.

हे मला कळलं ते अहवालातून नाही, आमच्याच घरातून. माझे वडील १९८४ मध्ये एमआयडीसीत लागले, दोन वर्षांनी पर्मनंट झाले. पगार फार नव्हता. पण पर्मनंटचं पत्र हातात पडल्यावर वर्षाच्या आत त्यांनी कंपनीच्या कामगार पतपेढीतून कर्ज काढून लुना घेतली. (लुना म्हणजे आमच्या नगरचीच. १९७२ मध्ये किनेटिकने आणली, कारखाना दौंड रस्त्याला. लहानपणी मला वाटायचं जगातल्या सगळ्या गाड्या नगरलाच होतात.) मग प्लॉट, मग दोन खोल्या, मग माझं इंजिनिअरिंग. प्रत्येक वेळी आधी कर्ज आणि मग हप्ता. त्या सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट होती, की दहा तारखेला पैसे येणार म्हणजे येणार.

आता माझा मामेभाऊ. वय एकतीस, आयटीआय झालेला, हात सोन्याचा. एमआयडीसीतच एका प्रेसशॉपमध्ये दहा-अकरा वर्षं काम करतोय, पण कागदावर तो तिथे कधीच सलग नसतो. ठेकेदारामार्फत घेतात, काही महिन्यांनी ब्रेक देतात, मग दुसऱ्या ठेकेदाराच्या नावाने परत घेतात. ओव्हरटाइम जोरात असतो तेव्हा त्याच्या हातात, महागाई धरूनही, माझ्या वडिलांना त्या वयात मिळत होते त्याहून जास्त पैसे येतात. पण बँक त्याला घराचं कर्ज देत नाही. स्थळं येतात, पहिला प्रश्न ‘पर्मनंट आहे का?’ आणि चहा होईपर्यंत गोष्ट संपलेली असते. सख्खा बाप दुकानदार, पण तेसुद्धा गमतीने म्हणतात, "ह्याला उधारी द्यायची असती तर मी बी दोनदा विचार केला असता." गमतीने म्हणतात, पण खोटं नाही. मामांच्या दुकानात उधारीच्या दोन वह्या आहेत. पर्मनंटवाल्यांची जाड, कंत्राटीवाल्यांची पातळ, आणि पातळ वहीतल्या रकमा पंधराशेच्या वर जात नाहीत.

आफ्रिकन बँकेचा तो तरंगता वर्ग शोधायला मला नैरोबीला जायची गरज नाही. तो आमच्या मामांच्या घरात वरच्या मजल्यावर राहतो.

आता तुम्ही म्हणाल, देश तर पुढे चाललाय, आकडे बघा. बघतो. आकडे खरंच चांगले आहेत. १८५७ मध्ये एर्न्स्ट एंगेल नावाच्या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने सांगून ठेवलं, की घराचं उत्पन्न वाढतं तसा खर्चातला खाण्याचा वाटा कमी होतो. (कार्ल मार्क्सचा मित्र एंगेल्स तो वेगळा.) आपल्या ग्रामीण भागात हा वाटा १९९९-२००० मध्ये ५९ टक्क्यांच्या वर होता, २०११-१२ मध्ये ५३ झाला, २०२२-२३ च्या पाहणीत ४६ टक्क्यांच्या आसपास आला. पुढच्या वर्षी तो थोडा चढून ४७ झाला. नायजेरियात २०१९ च्या सरकारी पाहणीत हाच वाटा ५६.६५ टक्के होता. पाहणीच्या पद्धती वेगळ्या, त्यामुळे अगदी शेजारी ठेवून तोलता येणार नाही, पण ढोबळमानाने नायजेरिया तेव्हा आपल्या खेड्यांच्या वीस वर्षं मागे होता असं म्हणता येईल. आपल्या २०१७-१८ च्या पाहणीचे आकडे सरकारने प्रसिद्धच केले नाहीत, दर्जाचं कारण देऊन २०१९ मध्ये ती पाहणी बाजूला ठेवली, हेही इथे नोंदवून ठेवतो.

माझी अडचण वेगळी आहे. हे सगळे आकडे महिन्याची सरासरी सांगतात. ग्रामीण भागात माणशी महिन्याला ४,१२२ रुपये आणि शहरात ६,९९६, हे २०२३-२४ चे. पण हे पैसे दर महिन्याला सारखे येतात, की चार महिने धो धो आणि आठ महिने कोरडे, ते त्यात दिसत नाही. नगर जिल्ह्यातल्या माणसाला हा फरक समजावून सांगायला लागू नये. प्रवरेचा कारखाना आमच्याच जिल्ह्यातला, विठ्ठलराव विखे आणि धनंजयराव गाडगीळ यांचा, १९५० चा. सहकारी साखर कारखानदारी तिथून सुरू झाली. त्या कारखान्यांनी जिल्ह्याचा उत्तर भाग पार बदलून टाकला, शाळा काढल्या, कॉलेजं काढली. आणि त्याच जिल्ह्याच्या पाथर्डी-शेवगावकडून दर दिवाळीनंतर ट्रॅक्टर भरून ऊसतोडीला माणसं निघतात. मुकादमाकडून एका कोयत्याची, म्हणजे नवरा-बायको दोघांची, उचल घ्यायची. ती घरात, लग्नात, दवाखान्यात आधीच संपलेली असते, आणि मग सहा महिने ती फेडायला ऊस तोडायचा. वर्षाचा हिशेब केला तर ती रक्कम काही अगदीच लहान नसते. पण त्या पैशाला पुढे नाही, मागेच आहे. असं घर हप्त्यावर फ्रिज घेईल का?

केनियात यावर चक्क प्रयोग झालेत, आणि ते वाचून मी थोडा हललो. २००७ च्या मार्चमध्ये सफारीकॉमने एम-पेसा सुरू केलं. साध्या फोनवरून पैसे पाठवायचे. आपलं यूपीआय आलं २०१६ मध्ये, म्हणजे नऊ वर्षांनी. टवनीत सुरी आणि विल्यम जॅक या दोघांनी काही वर्षं तिथल्या घरांचा खर्च तपासला. घरावर संकट आलं, कुणी आजारी पडलं, पीक गेलं, तर ज्यांच्याकडे एम-पेसा नव्हतं त्यांचा खर्च सुमारे सात टक्क्यांनी घटला. ज्यांच्याकडे होतं त्यांचा जवळजवळ घटलाच नाही. कारण गावाकडच्या भावाने, शहरातल्या मुलीने, मित्राने थोडे थोडे पाठवले. उत्पन्न कुणाचंच वाढलं नव्हतं. फक्त अडल्या वेळी पैसे येतील याची खात्री वाढली.

दुसरा प्रयोग याहून मजेशीर आहे. गिव्हडायरेक्टली या संस्थेने केनियाच्या खेड्यांत लोकांना विनाअट पैसे दिले. काही गावांना महिन्याला ठरावीक रक्कम, दिवसाला सुमारे पाऊण डॉलर पडेल एवढी, बारा वर्षं देऊ असं सांगून. काही गावांना तेवढीच रक्कम महिन्याला, पण दोनच वर्षं. आणि काहींना दोन वर्षांची रक्कम एकदम हातात. पहिली दोन वर्षं झाल्यावर संशोधकांनी पाहिलं. अभिजित बॅनर्जीही त्यांच्यात होते. पहिल्या दोन प्रकारच्या गावांना तोवर पैसे अगदी सारखे मिळालेले. तरी बारा वर्षांचा शब्द मिळालेल्यांनी दोन वर्षंवाल्यांपेक्षा जास्त धंदे सुरू केले होते. पैसा तोच, तारीख तीच, फरक फक्त पुढच्या दहा वर्षांचा.

पण प्रामाणिकपणे पुढचंही सांगायला हवं, कारण ते माझ्या मताच्या विरुद्ध जातं. ज्यांना एकदम रक्कम मिळाली त्यांनीही धंदे काढले, आणि चांगले काढले. म्हणजे ठोक पैसाही वाईट नाही. उसाचं बिल आल्यावर विहिरीला पाइपलाइन करणारा आमच्या जिल्ह्यातला शेतकरी हे आधीच सांगू शकला असता. मग बारा वर्षंवाल्यांनी काय केलं? त्यांनी आपापसात गट करून भिशी लावली! दर महिन्याचे पैसे एकत्र करायचे, पाळीपाळीने एकेकाने उचलायचे. तिकडे तिला ‘चामा’ म्हणतात. आमच्या गल्लीतल्या बायका हेच करतात आणि माझ्या आईचं शिवणयंत्र असंच आलं. मला वाटतं, यात गोम अशी आहे: भरवशाच्या महिन्याच्या पैशाचा ठोक पैसा करता येतो, भिशीने, पतपेढीने, बँकेने. बेभरवशाच्या पैशाचा नाही करता येत. दोन महिने ब्रेक असलेल्या माणसाला भिशीत कोण घेईल? मामेभावाला घेत नाहीत. विचारून पाहिलंय.

लाडक्या बहिणीचे दीड हजार २०२४ पासून यायला लागले तेव्हा मामांच्या दुकानात फरक पडला का, हेही विचारलं. पडला म्हणाले, विशेषतः चहा, साबण, मुलांचा खाऊ. "पण त्याची तारीख पक्की नाय. तारीख पक्की असती तर मी त्याच्यावर उधारी दिली असती." माझ्या अख्ख्या लेखाचा मुद्दा त्यांनी दीड वाक्यात संपवला. असो.

आता शेवटची गोष्ट, जिच्यासाठी खरं तर लिहायला बसलो.

मामेभावाच्या प्रेसशॉपमध्ये पत्र्याचे छोटे ब्रॅकेट निघतात. ते एका मोठ्या सप्लायरकडे जातात, तिथून दुचाकीच्या कंपनीकडे, आणि त्यातल्या बऱ्याच दुचाक्या जातात आफ्रिकेला. नावं घेत नाही, कारण यात दोष कुणाचाच नाही. लागोसला मोटरसायकल टॅक्सीला ओकाडा म्हणतात, कंपालाला बोडा-बोडा. तिकडच्या रस्त्यावर भारतीय गाड्या सर्रास दिसतात. कोणी हौस म्हणून घेत नाही. तरुण मुलगा कर्ज काढून गाडी घेतो, दिवसभर माणसं वाहतो, संध्याकाळी मालकाचा नाहीतर कर्जाचा हप्ता देतो, उरेल त्यात घर. नायजेरियाच्या वाढीचा एक खरा तुकडा हा आहे.

२०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं, गहू आणि इंधन महागलं, अमेरिकेने व्याजदर वाढवले, आणि आफ्रिकेतल्या एकेका देशाकडचे डॉलर आटले. घानाने डिसेंबरमध्ये परदेशी कर्जाची परतफेडच थांबवली. नायजेरियाकडे तर स्वतःचं तेल. पण कच्चं विकायचं आणि पेट्रोल विकत आणायचं, कारण सरकारी रिफायनऱ्या बंद. (ऊस विकून साखर उधार आणणाऱ्यासारखं.) तिथल्या आयातदाराकडे नायरा होते, गिऱ्हाईकही होतं, पण गाड्या मागवायला डॉलर मिळेनात. भारताची दुचाकी निर्यात त्या आर्थिक वर्षात दणकून आपटली. पुढे जून २०२३ मध्ये नायजेरियाने नायरा मोकळा सोडला. एका डॉलरला साडेचारशे-पावणेपाचशे नायरा पडायचे, ते २०२४ पर्यंत पंधराशेच्या घरात गेले. पेट्रोलचं अनुदानही त्याच सुमाराला काढलं. महागाई तीस टक्क्यांच्या वर.

इकडे नागापुरात काय झालं? प्रेसशॉपची तिसरी पाळी बंद झाली, मग ओव्हरटाइम बंद, मग ठेकेदाराने निम्म्या पोरांना ‘बोलावलं की या’ सांगितलं. मामेभाऊ तीन महिने घरी होता. मामांच्या दुकानात तेलाचे कॅन पडून राहिले आणि पिशव्या संपायला लागल्या. लागोसच्या ओकाडावाल्याला डॉलरचा दर कळत नसेल, मामांना लागोस कुठे आहे ते माहीत नाही. पण त्या वर्षी दोघांचा हिशेब एकाच कारणाने बिघडला.

धक्का बसला याची माझी तक्रार नाही. निर्यात करायची म्हणजे असं होणारच. माझी तक्रार आहे की धक्का वरून खाली सरकत सरकत अगदी शेवटच्या माणसावर येऊन थांबतो. मोठी कंपनी ऑर्डर कमी करते, तिला दुसऱ्या देशांचा बाजार असतो. सप्लायर पुढचा माल थांबवतो. प्रेसशॉपचा मालक ठेकेदाराला फोन करतो, ठेकेदार पोरांना. ज्याच्याकडे धक्का सोसायची ताकद सगळ्यात कमी, त्याच्याकडे तो सगळा साठतो. संघटित कारखान्यांतल्या कामगारांत कंत्राटी किती, याचा सरकारी आकडा २००० च्या सुमारास वीस टक्क्यांच्या आसपास होता, २०२२-२३ मध्ये चाळीस टक्क्यांच्या वर गेला. आणि यात ठेकेदाराच्या वहीतच नसलेली पोरं धरलेली नाहीत.

मालकाची बाजू मला कळते. प्रेसशॉपचे मालकही काही गाडीतून फिरणारे शेठ नाहीत, स्वतः डाय सेट करतात. उद्या ऑर्डर गेली तर वीस पर्मनंट माणसांचा पगार कुठून देणार? त्यांनी सगळ्यांना पर्मनंट करावं असं मी म्हणणार नाही, ते बंदच पडतील. पण कंत्राटी म्हणजे पाच-सात महिन्यांचा तुकडाच असला पाहिजे असं कुणी सांगितलं? दोन-तीन वर्षांचा करार करा, काम नसेल त्या महिन्यांत निम्मा पगार द्या, आणि त्या निम्म्यासाठी चांगल्या दिवसांत कंपनी, सप्लायर आणि सरकार तिघांनी थोडं थोडं बाजूला टाका. मोठ्या कंपन्यांना मालाच्या दर्जाची सर्टिफिकेटं सप्लायरकडून मागता येतात, तर कामगारांचे करार किती महिन्यांचे तेही विचारता येईल. खर्च वाढेल, मान्य. पण हीच मंडळी वर्षाअखेर टीव्हीवर येऊन विचारतात की ग्रामीण भागात मागणी का नाही, दुचाकी का खपत नाही. तुम्हीच तुमचं गिऱ्हाईक हंगामी करून ठेवलंय, तो गाडी कशाच्या जिवावर घेईल?

आणि आपण आयटीवाल्यांनी तरी कुठे वेगळं केलंय? आपल्या ऑफिसातले सिक्युरिटीवाले, कँटीनवाले, एवढंच काय टेस्टिंगमधली निम्मी मुलं कुणाच्या पेरोलवर आहेत, विचारून बघा एकदा. मी विचारलं. उत्तर फार आवडलं नाही.

परत निघताना मामेभाऊ बसस्टँडपर्यंत सोडायला आला. प्रेसशॉपला आता परत काम आलंय, तिसरी पाळी चालू आहे, रविवारीसुद्धा बोलावतात. गेले चार महिने पैसे बरे येताहेत म्हणाला. मी विचारलं, मग बोल्हेगावच्या प्लॉटचं काय झालं, तो बघणार होतास ना?

"बघू दादा. दिवाळीपर्यंत टिकतंय का ते बघू आधी."